भूकंप टाळता येत नाही, पडझड टाळता येते

दिल्लीला 17 फेब्रुवारी 2025 रोजी पहाटे 5 वाजून 36 मिनिटांनी भूकंपाचा धक्का बसला. त्याची तीव्रता 4.0 इतकीच होती. परंतु राजधानीला एरवी जाणवणाऱ्या अनेक धक्क्यांप्रमाणे त्याचे केंद्र हिंदुकुशात किंवा नेपाळात नव्हते. ते खुद्द दिल्लीत, धौला कुआँ परिसरात, जमिनीखाली अवघ्या पाच किलोमीटर खोलीवर होते. त्यामुळे हादऱ्याबरोबर मोठा गडगडाटही अनेकांनी ऐकला. झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी लक्ष्मीबाई नगर ही सरकारी वसाहत धौला कुआँपासून फार दूर नाही. माझे सध्याचे वास्तव्य याच वसाहतीत, कन्येच्या सरकारी निवासस्थानी आहे. त्या पहाटे येथेही माणसे अंथरुणातून उठून जिने उतरली, हिरवळीवर थोडा वेळ थांबली आणि परत गेली. शहरात जीवितहानी झाली नाही. शांत राहण्याचे, सुरक्षिततेचे नियम पाळण्याचे आणि पुढील धक्क्यांबाबत सावध राहण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले. दुपारपर्यंत विषय मागे पडला.

तो इतक्या सहज मागे पडावा असा नव्हता. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्यांना नोटीस या कागदाचे महत्त्व ठाऊक असते. नोटीस मिळाली म्हणजे कारवाई झाली असे नव्हे. पण 'मला कल्पनाच नव्हती' असे म्हणण्याची सोय त्या दिवसापासून संपते. लहान भूकंप ही अशीच नोटीस असते. तीत तारीख नसते, पत्ता मात्र असतो. तिच्यानंतर मोठा धक्का येईलच असे कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही आणि येणार नाही असेही सांगू शकत नाही. 'लहान लहान धक्क्यांनी जमिनीतला ताण निघून जातो, ते बरेच झाले' असे एक समाधान आपल्याकडे हमखास ऐकू येते. ते हिशेबाला टिकत नाही. तीव्रता एका अंकाने वाढली की मुक्त होणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. ढोबळमानाने पाहता, 1993 साली किल्लारीत झालेल्या भूकंपाइतकी ऊर्जा मुक्त व्हायला दिल्लीच्या त्या पहाटेसारखे दोन हजार धक्के लागतील.

किल्लारीलाही नोटीस मिळाली होती. 1992 च्या उत्तरार्धापासून त्या परिसरात जमीन अधूनमधून हादरत होती. लोक घाबरले होते, बोलत होते. पण सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे दगावली, बावन्न गावे नव्याने वसवावी लागली. त्याआधी 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे कोयनानगर हादरले होते आणि सुमारे एकशे ऐंशी बळी गेले होते. तो भागही त्या वेळच्या नकाशात पहिल्याच क्षेत्रात होता. दोन्ही वेळी भूकंप आधी झाला आणि नकाशा नंतर बदलला. कोयनेचा परिसर 1970 साली चौथ्या क्षेत्रात गेला; किल्लारीचा 2002 साली तिसऱ्या क्षेत्रात गेला. महाराष्ट्राने दोनदा घेतलेला हा अनुभव देशाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. नकाशा आवश्यक आहे, पण नकाशावरील रंग कोणाचे छप्पर सावरून धरत नाही.

किल्लारीत माणसे कशाने मेली? बहुसंख्य मृत्यू घरांखाली सापडून झाले. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांच्या आतील आणि बाहेरील थरांना बांधून ठेवणाऱ्या आरपार जोडदगडांचा अभाव आणि त्यावर वर्षानुवर्षे मातीचे थर चढवून जड झालेले माळवद, अशी त्या घरांची रचना होती. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच घर त्या पहाटे काही सेकंदांत ढिगारा झाले. त्या घरात झोपलेल्या माणसाला 'टेबलाखाली बसा' हा सल्ला कितपत उपयोगी पडला असता?

भूकंपाच्या वेळी सुरक्षित कसे राहावे, याबद्दल आपण जे बोलतो त्यात हा प्रश्न सहसा गाळला जातो. 'खाली वाका, आडोसा घ्या, धरून राहा' हा सल्ला योग्य आहे आणि तो प्रत्येक मुलाला पाठ असावा. परंतु त्यामागे एक न उच्चारलेली अट आहे: इमारत उभी राहिली पाहिजे. अट पूर्ण करण्याची जबाबदारी शासनाची, बांधणाऱ्याची आणि मालकाची. सल्ला पाळण्याची जबाबदारी रहिवाशाची. आपल्याकडे दुसऱ्या जबाबदारीची भित्तिपत्रके छापली जातात, पहिलीची चौकशी क्वचितच होते.

इमारतीने किती फरक पडतो, हे जगाने 2010 साली पाहिले. जानेवारीत हैतीमध्ये 7.0 तीव्रतेचा भूकंप झाला आणि एक लाखाहून अधिक माणसे गेली. फेब्रुवारीत चिलीमध्ये 8.8 तीव्रतेचा, म्हणजे सुमारे पाचशे पट अधिक ऊर्जेचा भूकंप झाला. तेथे त्सुनामीसह मृतांची संख्या पाचशेच्या आसपास राहिली. केंद्राची खोली, अंतर, वस्तीची दाटी हे फरक जमेस धरले तरी मोठे कारण उरतेच. चिलीने जुन्या भूकंपांनंतर बांधकामाचे नियम केले होते आणि ते पाळून घेतले होते. नियम आपल्याकडेही आहेत. भूकंपरोधक रचनेविषयीचे भारतीय मानक 1962 पासून आहे आणि त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. कागदावर आपण मागे नाही. कागद आणि वीट यांच्यामधल्या अंतरात आपली माणसे दबतात.

दिल्लीपुरते बोलायचे तर येथे मोठा भूकंप ही कविकल्पना नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याच्या नोंदी जागोजागी भेटतात. 1720 सालच्या भूकंपाने शाहजहानाबादेत झालेली पडझड खाफी खानाने लिहून ठेवली आहे. तट आणि घरे कोसळली, फतेहपुरी मशिदीचे नुकसान झाले आणि महिन्याहून अधिक काळ धक्के जाणवत राहिले, असे तो सांगतो. पुढे 1 सप्टेंबर 1803 रोजी गढवालात मोठा भूकंप झाला. त्या वेळी दिल्लीवर दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा ताबा होता. दहाच दिवसांनी, 11 सप्टेंबरला, पटपडगंजच्या लढाईत तो इंग्रजांकडे गेला आणि मराठी इतिहासात त्या महिन्याची ओळख या लढाईने राहिली. पण त्याच महिन्यातील भूकंपाने शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कुतुबमिनारची वरची छत्री पाडली होती. रॉबर्ट स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने नंतर तेथे नवी छत्री बसवली. ती शोभेना म्हणून 1848 साली उतरवली गेली आणि आजही मिनाराजवळच्या हिरवळीवर उभी आहे. पर्यटक तिची छायाचित्रे काढतात. ती भूकंपाची खूण आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. अलीकडे 1956 साली बुलंदशहराकडे आणि 1960 साली दिल्लीच्या जवळच मध्यम स्वरूपाचे भूकंप झाले. 10 जुलै 2025 रोजी सकाळी झज्जरजवळ 4.4 तीव्रतेचा धक्का बसला. दीर्घकाळ वापरात असलेल्या नकाशात दिल्ली चौथ्या, म्हणजे अधिक धोक्याच्या क्षेत्रात आहे, ते उगाच नाही.

त्यातही सारी दिल्ली सारखी नाही. अरवलीचा कणा असलेल्या रिजवर कठीण खडक आहे, तर यमुनेच्या दोन्ही काठांवर गाळाची मऊ जमीन आहे. मऊ जमिनीत भूकंपलहरी वाढतात; पाण्याने भरलेली वाळू तर काही वेळा द्रवासारखी वागू लागते आणि पाया तिच्यात खचतो. शहराचे या दृष्टीने सूक्ष्म क्षेत्र-विभाजन झालेले आहे, म्हणजे कोणत्या भागात जमीन कशी वागेल याची माहिती शासनाच्या हाती आहे. आपल्या गल्लीखाली काय आहे, हे मात्र घर घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही.

आमच्या वसाहतीच्या नावाशी नामसाधर्म्य असलेल्या पूर्व दिल्लीतील लक्ष्मीनगरात, ललिता पार्क भागात, 15 नोव्हेंबर 2010 रोजी एक बहुमजली इमारत कोसळली आणि सुमारे सत्तर माणसे गेली. त्या दिवशी भूकंप झाला नव्हता. वाढवलेले मजले आणि पाण्याने भरलेले तळघर एवढेच पुरे झाले होते. अशा इमारती राजधानीत एकट्यादुकट्या नाहीत. 2019 साली संसदेने कायदा करून दिल्लीतील 1,731 अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांना मालकी हक्क मिळण्याचा मार्ग खुला केला. गरिबांच्या आणि मध्यमवर्गीयांच्या डोक्यावरची बेदखलीची टांगती तलवार दूर झाली, हे चांगलेच झाले. परंतु मालकीची नोंद हा मजबुतीचा दाखला नव्हे, हे त्याच वेळी ठणकावून सांगायला हवे होते. तुर्कस्तानने अनधिकृत बांधकामांना दंड भरून अभय देणाऱ्या योजना वारंवार आणल्या, 2018 साली तर फार मोठ्या प्रमाणावर. 6 फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात त्या देशात पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली. आपले एनडीआरएफचे जवान तेथे ढिगारे उपसायला गेले होते. त्यांनी तेथे काय पाहिले, हे दिल्लीच्या नगररचनाकारांनी त्यांना एकदा विचारावे.

सधन वस्त्यांनीही निर्धास्त राहू नये. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपाच्या केंद्रापासून अहमदाबाद दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तरी तेथे बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे गेली. त्यांपैकी अनेक इमारतींत तळमजला मोटारींसाठी मोकळा सोडला होता. वर भिंतींनी जखडलेले चार मजले आणि खाली नुसते खांब, अशी रचना जमीन हलताच खालून मोडते. दिल्लीतील घरमालकांनी गेल्या पंचवीस वर्षांत जुने बंगले पाडून जे मजले उभारले, त्यांतील बहुतेकांचा तळमजला पाहावा. जुन्या सरकारी वसाहतींचा प्रश्न निराळा आहे. मूळ बांधकाम बेताचे असते, पण दशकानुदशके सज्जे बंद करून खोल्या केल्या जातात, गच्चीवर पाण्याच्या टाक्या वाढत जातात, गळतीने सळया गंजतात. प्रत्येक बदल लहान असतो आणि म्हणून कोणाच्याच फाइलीत त्यांची बेरीज होत नाही.

येथे प्रशासनाच्या स्वभावाबद्दल थोडे बोलले पाहिजे. आपले शासन मदत करण्यात कुशल आहे. पंचनामे, सानुग्रह अनुदान, तात्पुरते निवारे, अन्नछत्र ही कामे आपण इतक्या वेळा केली आहेत की यंत्रणेला ती अंगवळणी पडली आहेत. मदतीचे छायाचित्र निघते, कृतज्ञ चेहरे दिसतात. तपासणीचे छायाचित्र निघत नाही. उलट तपासणारा अधिकारी लोकांच्या रोषाचा धनी होतो. न कोसळलेल्या इमारतीबद्दल आजवर कोणाचा सत्कार झालेला नाही. याचे प्रतिबिंब तिजोरीतही दिसते. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चा. त्यात तरतूद असलेला राष्ट्रीय आपत्ती शमन निधी प्रत्यक्षात आला 2021 साली. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांसाठी प्रथमच स्वतंत्र शमन निधी दिला, हे स्वागतार्ह होते. तरी विभागणी पाहा: ऐंशी टक्के रक्कम आपत्तीनंतरच्या प्रतिसादासाठी, वीस टक्के आधीच्या शमनासाठी.

इमारतींची दुरुस्ती एका दिवसात होणार नाही. तोवर भूकंप थांबणारही नाही. म्हणून रहिवाशाने स्वतः काय करावे, याकडे वळतो. एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. कोयना, किल्लारी आणि दिल्लीचा अलीकडचा धक्का, तिन्ही पहाटे आले. भूकंपाला वेळेचे भान नसते, हा केवळ योगायोग आहे. पण आयुष्याचा तिसरा हिस्सा आपण झोपेत काढतो, हा योगायोग नाही. म्हणून तयारीची सुरुवात शयनगृहापासून करावी. पलंगाच्या डोक्यावर जड तसबीर, फळी किंवा आरसा नसावा. कपाटे आणि पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी पट्टीने भिंतीला जखडाव्यात. पोटमाळ्यावरचे जड सामान खाली आणावे. उशाशी बॅटरी आणि पायाशी चपला असाव्यात. भूकंपानंतर अनेकांचे पाय फुटक्या काचांनी कापतात.

जमीन हलू लागली आणि आपण अंथरुणात असलो, तर तेथेच पालथे होऊन उशीने डोके आणि मान झाकावी. दिल्लीतील पेटीच्या पलंगाखाली शिरता येत नाही, हे आठवण्यासारखे आहे. जागे असलो तर भक्कम टेबलाखाली गुडघ्यांवर बसावे, एका हाताने त्याचा पाय धरावा आणि दुसऱ्याने डोके झाकावे. टेबल नसेल तर खिडक्या, काचा, कपाटे यांपासून दूर, आतील भिंतीलगत अंग मुडपून बसावे. हादरे चालू असताना जिन्याकडे धावू नये. जिना हा पुष्कळ इमारतींचा कमकुवत भाग असतो आणि धावपळीत माणसे तेथेच पडतात. लिफ्टचे बटण दाबू नये. सज्जाखाली, कठड्याशी उभे राहू नये. स्वयंपाकघरात असलो आणि हात पोहोचत असेल तरच शेगडी बंद करावी, नाहीतर तिच्यापासून दूर व्हावे. मात्र दगड-मातीच्या किंवा कच्च्या घरात, तळमजल्यावर, दाराशी असलो आणि समोर मोकळे अंगण असेल, तर लगेच बाहेर पडणेच शहाणपणाचे. एकच नियम सर्व घरांना लावून भागत नाही, म्हणूनच आपले घर कोणत्या प्रकारचे आहे हे आधी माहीत हवे.

बाहेर असलो तर भिंती, विजेचे खांब, फलक आणि जाहिरातींचे सांगाडे यांच्यापासून दूर मोकळ्या जागी थांबावे. भूजच्या भूकंपात प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत निघालेली दीडशेहून अधिक शाळकरी मुले अंजारच्या अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंची घरे कोसळून गेली. गल्ली म्हणजे मोकळी जागा नव्हे. वाहन चालवत असलो तर उड्डाणपुलावर किंवा त्याखाली न थांबता ते बाजूला उभे करावे आणि आत बसून राहावे.

हादरे थांबले की संकट संपले असे नसते. नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 रोजी 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि सतरा दिवसांनी, 12 मे रोजी, 7.3 तीव्रतेचा पुढचा धक्का आला. पहिल्याने खिळखिळ्या झालेल्या इमारती दुसऱ्याने पाडल्या. म्हणून आधी स्वतःला आणि शेजाऱ्यांना लागले आहे का ते पाहावे, चपला घालाव्यात, गॅसचा मुख्य कॉक आणि विजेचा मुख्य स्विच बंद करावा आणि जिन्याने शांतपणे उतरावे. गॅसचा वास येत असेल तर विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, काडी ओढू नये. टोकियोच्या 1923 च्या भूकंपात लाखभर माणसे गेली. त्यांतील बहुतेक आगींत गेली, कारण दुपारच्या स्वयंपाकाची वेळ होती आणि चुली पेटलेल्या होत्या. खांबाला किंवा तुळईला तडा गेला असेल, काँक्रीट निघून सळई उघडी पडली असेल, भिंतींवर तिरपे छेदणारे तडे असतील किंवा दारे चौकटीत अडकू लागली असतील, तर अभियंत्याने पाहिल्याशिवाय त्या इमारतीत परतू नये. दागिने आणि कागदपत्रे आणण्यासाठी तर मुळीच नाही. फोनवर लांबलचक बोलू नये, लघुसंदेश पाठवावा; ज्यांना खरोखर मदत हवी त्यांच्यासाठी 112 क्रमांकाची वाट मोकळी राहू द्यावी. ढिगाऱ्याखाली अडकलेल्याने तोंडावर कापड धरावे, आगकाडी ओढू नये आणि नळावर किंवा भिंतीवर ठराविक अंतराने ठोके द्यावेत. ओरडण्याने धूळ छातीत जाते आणि शक्ती संपते.

'आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का येणार' असे संदेश प्रत्येक भूकंपानंतर फिरतात. ते निखालस खोटे असतात. भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या अद्याप जगात नाही. मोबाइलवर मिळणारा इशारा निराळा. तो भूकंप सुरू झाल्यानंतर, लहरी आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी काही सेकंद मिळू शकतो. दूरच्या हिमालयीन भूकंपात त्याचा उपयोग होईल. केंद्र धौला कुआँला असेल तर लक्ष्मीबाई नगराला तो वेळेत मिळण्याची शक्यता जवळपास नाही. यंत्रावर भरवसा ठेवून कपाट भिंतीला जखडणे लांबणीवर टाकू नये.

सरावाबद्दलही एक सूचना आहे. 1 ऑगस्ट 2025 रोजी दिल्ली आणि लगतच्या हरियाणा-उत्तर प्रदेशातील जिल्ह्यांत भूकंपाची मोठी रंगीत तालीम झाली. असे सराव व्हायलाच हवेत. परंतु ते दिवसाउजेडी, कार्यालये भरलेली असताना होतात. पहाटे चार वाजता वसाहतीचे चित्र वेगळे असते. चोरीच्या भीतीने बहुतेक फाटके कुलूपबंद, किल्ली एका पहारेकऱ्याकडे आणि तो कोणत्या टोकाला असेल सांगता येत नाही. अग्निशमन बंब येण्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मोटारी. खिडक्यांना न उघडणाऱ्या लोखंडी जाळ्या. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांना उतरवायला कोण जाणार, हे ठरलेले नाही. वर्षातून एक तालीम पहाटे घ्यावी. एवढे केले तरी प्रत्येक वसाहतीला आपल्या उणिवांची यादी अर्ध्या तासात मिळेल, आणि त्यांतील निम्म्या एका पैशाच्या खर्चाविना दूर होतील.

उरलेल्या निम्म्यांसाठी पैसा आणि इच्छा दोन्ही लागतील. हे अशक्य नाही, याचा पुरावा किल्लारीच देते. भूकंपानंतर महाराष्ट्राने केवळ नवी गावे वसवली नाहीत. ज्यांची घरे उभी होती अशा लाखाहून अधिक कुटुंबांना साह्य देऊन त्यांच्याच हातून घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करवून घेतले. गवंड्यांना प्रशिक्षण दिले. गावोगावच्या महिला संवाद साहाय्यक म्हणून पुढे आल्या. घर कसे बांधले जाते यावर लक्ष ठेवायला आणि शेजारणींना समजावून सांगायला त्या शिकल्या. दिल्लीतही दोन दशकांपूर्वी सचिवालय, गुरू तेगबहादूर रुग्णालय, लडलो कॅसल शाळा अशा पाच महत्त्वाच्या इमारती भूकंपसुरक्षेसाठी निवडल्या गेल्या होत्या. त्यांतून शिकलेले हजार शाळांपर्यंत पोहोचायला हवे होते.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे जुन्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींचे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचे असते. गळती आणि गंज पाहणारी नेहमीची तपासणी वेगळी आणि भूकंप सोसण्याची क्षमता पाहणारी तपासणी वेगळी. तरीही ठरावीक मुदतीने तपासण्याची सवय हा चांगला पाया आहे. राजधानीने ही सवय आधी स्वतःच्या मालकीच्या इमारतींना लावावी: सरकारी वसाहती, शाळा, रुग्णालये, अग्निशमन केंद्रे, पोलीस ठाणी. खासगी मालकाला नोटीस बजावण्याचा नैतिक अधिकार त्यानंतर आपोआप येईल. ज्यांना मजबुतीकरण परवडत नाही अशा अनधिकृत वसाहतींतील कुटुंबांना शमन निधीतून साह्य द्यावे. त्यांना केवळ पाडण्याची भीती दाखवली तर ते तपासणीसाच्या तोंडावर दार लावून घेतील, आणि त्यात त्यांचे चुकले असे म्हणता येणार नाही.

आणि तपासणीचा निष्कर्ष फाइलीत ठेवू नये. इमारत कोणत्या साली बांधली, शेवटची तपासणी केव्हा झाली, ती कोणत्या तीव्रतेचे हादरे सोसू शकेल असा अंदाज आहे, दुरुस्ती बाकी असल्यास ती कोणाकडे आणि केव्हापर्यंत, एवढ्या चार ओळी प्रत्येक इमारतीच्या जिन्यापाशी, विजेच्या मीटरशेजारी, सर्वांना वाचता येतील अशा लावाव्यात. वरच्या मजल्यावर झोपायला जाणाऱ्या माणसाला त्या वाचण्याचा हक्क आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत.)